कणगीत ठेवलेली ड्राइव्ह

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीत मारुती आळीत बावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, पण हातातल्या पट्टीने कधी रेघ मारली नाही. कुणी मान खाली घालून कीबोर्डकडे बघितलं की पट्टी टेबलावर सण्णकन! "वर बघ! वर बघ मेल्या!" पोरं माझ्यामागे मला 'वरबघे मास्तर' म्हणायची. मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या पट्टीला पुरून उरली ती एकटी मालन. मालन काशीराम कळंबटे, मिरजोळ्याची. बाप मुंबईला वॉचमन, आई हौसा घरचं भात लावायची. पोर दहावी होऊन क्लासात आली तेव्हा नखांत लावणीचा चिखल तसाच होता. मी मनात म्हटलं, ही कसली टायपिंग करतेय! तीन महिन्यांत तिने मला तोंडात बोट घालायला लावलं. पास झाल्यावर मीच तिला ठेवून घेतलं, नव्या पोरींना शिकवायला. दर शनिवारी सगळ्या टाइपरायटरांची अक्षरं साफ करायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. अक्षरांच्या पोटात शाईचा मळ बसतो ना, तो टाचणीने कोरून काढायची. "सर, पोट साफ असला की अक्षर कसा गोड उठता," म्हणायची.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात क्लासात कॉम्प्युटर आला. लोक चपला काढून बघायला येत. त्याला मोठ्या मऊ फ्लॉप्या लागत, आणि मुंबईच्या ज्या मंडळाचं शिक्षण केंद्र आम्हाला हवं होतं, त्याचे धडे होते छोट्या टणक फ्लॉप्यांवर. म्हणून त्यांची एक वेगळी ड्राइव्ह आणली. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, मागे जाड वायर, वायरीच्या टोकाला बारीक भोकाभोकांचा प्लग. हवी तेव्हा लावा, हवी तेव्हा काढा. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी तीन पानं वाचलं, डोकं तापलं, आणि मालनच्या अंगावर टाकलं. तिने डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पावसाळ्याआधी संपवलं.

जूनमध्ये क्लासचं छप्पर गळायला लागलं. केंद्र दसऱ्याला सुरू व्हायचं होतं, तोवर पेटीचं काम नव्हतं. मी म्हटलं, "मालन, ही तुझ्या घरी ने. कोरडी राहिली पाहिजे, नाहीतर बघ!" ती गोधडीतल्या बाळासारखी छातीशी धरून घेऊन गेली.

दसऱ्याला आठ दिवस असताना मंडळाचे विचारे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. गुरुवारी दुपारी चार वाजता. त्यांनी पास केलं तर केंद्र आमचं. नाही केलं तर मालनसुद्धा जाणार होती, कारण तिच्या मामाने मुंबईला पाकिटं भरायचं काम बघून ठेवलं होतं आणि शनिवारची एसटी ठरली होती. "केंद्र झाला तर मी नाय जायची," एवढंच ती म्हणाली होती. पण सतरांदा म्हणाली होती.

आणि मी काय केलं? फॉर्म सांगायला बसलो. मी सांगतोय, ती टाइप करतेय. 'संगणक शिक्षक' असा रकाना आला. मी म्हटलं, "लिही, श्री. दत्ताराम आयरे." म्हणजे मी! मुंबईचा साहेब, खेड्यातल्या पोरीचं नाव बघून नाक मुरडेल, असं माझं शहाणपण. मशीन जरा थांबलं. मग टकटक पुन्हा सुरू झाली.

गुरुवारी दोन वाजता पेटी लावली. पेटीवरचा दिवा लागला, मी टाळी वाजवली. मालनने हुकूम दिला. पडद्यावर उत्तर आलं, अशी ड्राइव्हच नाही.

"नाही म्हणजे? ही काय मग, माझं डोकं?" मी पडद्यावर ओरडलो. पुन्हा केलं. नाही. बंद करून चालू केलं. नाही. मी पेटीला एक चापटी दिली, मालनने माझा हात धरला. तीन वाजले, साडेतीन वाजले. मला घाम फुटला, हसूही फुटायला लागलं. घाबरलो की मला हसू येतं, ही माझी जुनी खोड.

आमचा शिपाई विठूकाका, पूर्वीचा बोटीवरचा खलाशी, कोपऱ्यात बसून हे बघत होता. तो उठला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, उंबऱ्यात नारळ ठेवला. "मास्तर, गाऱ्हाणा घातल्याशिवाय ह्या काय चालत नाय."

"काका, हे इंग्रजी मशीन आहे!"

"मग? आमची बोट काय मराठी होती?"

आणि त्याने सुरू केलं. "बा देवा म्हाराजाऽ! आज तुझी ही लेकरा इंग्रजी पेटी घेऊन बसली हायत म्हाराजा!"

क्लासातल्या आठही पोरी एकदम, "व्हय म्हाराजाऽ!"

"त्या पेटीक ह्या दुसऱ्या पेटीची वळख पटत नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!" आता मीही ओरडत होतो. काय करणार!

मालन एकटी त्यात नव्हती. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "दिवा लागता, म्हणजे पेटीत जीव हाय. वळख नाय, म्हणजे निरोप पोचत नाय. निरोप जातो वायरीतून." तिने मशीन बंद केलं, प्लग उपसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आणि तो माझ्यापुढे केला.

"सर, ता माज्यामुळं झाला."

"काय झालं?"

"तुमी म्हणालात कोरडी ठेव. आमच्याकडं कोरडी जागा एकच, भाताची कणगी. आगपेट्या, रेशनकार्ड, सगळा तिथंच. मी पेटी लुगड्यात गुंडाळली, भातात पुरली. वायर लुगड्याच्या भायेर ऱ्हायली असंल." प्लगच्या बारीक भोकांत भाताची कुसळं मोडून बसली होती. पाच-सहा भोकं पार बुजलेली.

माझी पट्टी हातात होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला एकदम एवढं हसू आलं की मी खाली बसलो. चार महिने पावसात ती ड्राइव्ह रत्नागिरीतल्या सगळ्यात कोरड्या जागी झोपली होती! "अगं, मग कोर ना!" मी ओरडलो. "शनिवारचं काम गुरुवारी कर!"

तिने डोळे पुसले, ब्लाउजची टाचणी काढली आणि एकेक भोक कोरायला घेतलं. इकडे विठूकाका शेवटाला आला होता. "जी काय चूकभूल झाली असंल ती पदरात घे, नि पेटीची नि पेटीची गाठ घालून दे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजाऽ!"

त्यात एक आवाज जाड होता, नवा होता. सगळ्यांनी वळून बघितलं. दारात सफारी घातलेले, हातात ब्रीफकेस घेतलेले गृहस्थ उभे होते. हात जोडलेले, आणि चेहरा लाजून लाल. "माफ करा," विचारे साहेब म्हणाले. "मी इथलाच, वेळणेश्वरचा. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून निघतंच."

मालनने प्लग लावला, बटण दाबलं, हुकूम दिला. पेटी खर्र खर्र बोलली आणि पडद्यावर धड्यांची यादी भराभर उतरली. पोरींनी किंचाळून छप्पर डोक्यावर घेतलं. विठूकाकाने नारळ फोडलासुद्धा.

साहेबांनी फॉर्म उघडला. "शिक्षक आयरे आपणच ना? दुसरा धडा चालू करून दाखवा."

मी कीबोर्डकडे बघितलं. मग मालनकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. "साहेब, मला यातलं ओ का ठो येत नाही," मी म्हणालो. "ही शिकवते. बिघडवली हिनेच, दुरुस्तही हिनेच केली. त्या रकान्यात मी खोटं लिहिलंय."

साहेबांनी मालनला तीन प्रश्न विचारले, तिसऱ्याचं उत्तर स्वतः वहीत उतरवून घेतलं. मग फॉर्म माझ्याकडे परत केला. "हा नवा टाइप करून आणा, मी सही करतो. शिक्षक कोण ते नीट लिहा."

मालन टाइपरायटरवर बसली. कागद चढवला. वरचे सगळे रकाने मान वर ठेवून, भिंतीकडे बघत, सरसर झाले. 'संगणक शिक्षक' आलं आणि ती थांबली. मग तिने मान खाली घातली आणि एकेक अक्षर शोधत, बघून बघून दाबायला लागली. कु. मालन काशीराम कळंबटे.

पट्टी माझ्या हातातच होती. मी ती हळूच खिडकीत ठेवून दिली.