टाकणखाराची लाही

माझे वडील जगदेवराव, आमचे आबा, यांच्याइतका चालढकल करणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात नव्हता. दरबारच्या नकाशा खात्यात त्यांनी अठरा वर्षं नकाशांचे फोटो काढले. घाईने केलेल्या नकाशात नदी गावातून वाहू लागते, असं ते अभिमानाने सांगत. खात्यात ते शोभत असेल. घरी या स्वभावापुढे आईने कधीच हात टेकले होते.

अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि खात्याच्या अंधारखोलीला कुलूप लागायची वेळ आली. त्याच आठवड्यात त्यांचे मित्र सूर्याजीराव, संस्थानी फौजेतले हवालदार, एक रीळ धुवायला देऊन गेले. सवडीने कर, म्हणाले. आबांना हे सांगायची गरजच नव्हती. रीळ ट्रंकेत पडलं, आणि त्या हिवाळ्यात सूर्याजीकाका न्यूमोनियाने गेले. वय बत्तीस. मग आबांना ते रीळ धुवायची भीती वाटायला लागली आणि परत द्यायची लाज. आठ वर्षं काढली त्यांनी तशी. मला त्यांचा अजूनही राग येतो.

छप्पन सालच्या नवरात्रात, अष्टमीच्या आदल्या दिवशी, सूर्याजीकाकांच्या पत्नी सुलोचनाकाकू घरी आल्या. नोव्हेंबरपासून मध्यभारतही उरणार नव्हता. कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या. काकू ज्या भावाकडे राहत त्याची बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं. मी तेव्हा पाच महिन्यांच्या कुमुदला घेऊन माहेरी आले होते. मी चहा पुढे केला, तो काकूंनी घेतला नाही.

"भावजी, दसऱ्याला निघणं आहे," त्या म्हणाल्या. "यांचा एकही फोटो नाही माझ्याजवळ. जगाचे काढत फिरले. त्या रिळात एक आहे, अगदी पहिला. मला शिकवायचं म्हणून माझ्याकडून काढवला होता. धुऊन द्या. नाही तर तसंच द्या, पण आता द्या."

आबांनी मान खाली घातली आणि उद्या सकाळी या म्हणाले. बाजारातल्या स्टुडिओत द्या, असं मी सुचवलं, तर माझ्यावरच डाफरले. तिथे दहा जणांची रिळं एका भांड्यात बुचकळतात, आणि हे रीळ एकदाच धुतलं जाणार होतं.

प्रश्न होता तो कशात धुवायचं याचा. फिल्म धुण्याच्या औषधाला आबा 'पाणी' म्हणत. एक होतं नकाशाचं पाणी, कडक. त्यात हायड्रोक्विनोन नावाचं रसायन भरपूर. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. जुन्या फिल्मवर काळपट झाक चढते, तीही ते दाबून धरतं. पण त्यात माणसाचा चेहरा कोळशाने काढल्यासारखा येतो. दुसरं मवाळ, टाकणखाराचं. त्यात गाल, डोळ्यांखालची सावली, सगळं हळूहळू उतरतं. मात्र ते वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळात जुनी फिल्म काळवंडूही शकते. आबांचा जीव मवाळ पाण्यावर होता. संध्याकाळभर ते नकाशाच्या पाण्याची बाटली आणि टाकणखाराची डबी समोर ठेवून बसून राहिले.

अष्टमीला सकाळीच काकू आल्या. ऊन चढायच्या आत उरकायचं होतं, कारण गरम पाण्यात फिल्मचा मुलामा सुटतो. आबांनी बर्फ आणवला, तराजूवर एकेक जिन्नस तोलून मवाळ पाणी तयार केलं, आणि कोठीच्या खोलीत शिरले. शेजारी देवघरात नंदादीप तेवत होता, तो विझवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दाराच्या फटीत घोंगडी कोंबली. मी बाहेर घड्याळ घेऊन मिनिटं मोजून सांगत होते. काकू भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

पहिला फोटो जपायचा म्हणून आबांनी रिळाच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा कापून आधी तो धुवून पाहिला. बाहेर आणला तेव्हा तो गच्च काळा होता. उजेडासमोर धरला तरी काही दिसेना.

"मवाळ पाणी नाही चालत," आबा म्हणाले. "नकाशाचंच वापरावं लागेल. वहिनी, चेहरा कळेल. पण फार नाही कळणार."

काकू नुसतं "बरं" म्हणाल्या.

आबांनी सगळे डबे आवरायला घेतले. टाकणखाराची पितळी डबी त्यांच्या हातात पाहिली आणि मला आठवलं. चार दिवसांपूर्वी कुमुदचं तोंड आलं होतं. आईच्या सांगण्यावरून मी त्याच डबीतला टाकणखार तव्यावर टाकून लाही केली, खलात घोटली, चिमूटभर मधातून तिच्या जिभेला लावली. उरलेली टाकायची कशाला, म्हणून परत डबीत ओतली. लाही म्हणजे पाणी उडालेला टाकणखार. तेवढ्याच वजनात जवळजवळ दुप्पट जोर, म्हणून तुकडा काळा पडला. आबांच्या तराजूचा दोष नव्हता, आणि मवाळ पाण्याचाही नव्हता.

मी लगेच बोलले का? नाही. आबा आत गेले, मी दारापाशी घड्याळ धरून उभी राहिले आणि गप्प बसले. काळ्या पडलेल्या तुकड्यात काय होतं कोण जाणे, ते मी घालवलं होतं, आणि काकू समोर बसल्या होत्या. इतरांना नावं ठेवणारी मी, वडिलांसारखीच निघाले. आतून बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"आबा, थांबा. डबीत लाही आहे. मी घातली."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दार उघडेल आणि आयुष्यभर पुरेल एवढं ऐकावं लागेल.

"पोरीचं तोंड बरं झालं का?" आबांनी विचारलं.

मी हो म्हणाले आणि रडायला लागले. तशीच पायात चपला सरकवून पाटणकर बाजारात पंसाऱ्याच्या दुकानात गेले आणि नवा टाकणखार आणला. आबांनी पाणी नव्याने केलं. मी दारापाशी उभी राहून पुन्हा एकेक मिनिट मोजलं.

फिल्म बाहेर आली तेव्हा कडेला थोडी काळी झाक होती, पण चित्रं होती. आबांनी ओलं टोक दोन बोटांत धरून काकूंसमोर उजेडात केलं. फोटो अजून कागदावर उतरायचा होता. फिल्मवर तर सगळं उलटं, काळं ते पांढरं. चेहरा काळा, आणि फौजी मिशा न् डोक्यावरचे केस शुभ्र. मी काकूंना ते समजावून सांगणार होते, पण आबांनी डोळ्यांनी मला थांबवलं.

काकू पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

"केस सगळे पिकले की हो," त्या हळूच म्हणाल्या. "पिकणारच. आठ वर्षं झाली."