कंप्युटरचं झबलं

तिला सगळी इमारत फिनेल म्हणायची. तोंडावर वहिनी, पाठ फिरली की फिनेल. तिच्या घराचं दार उघडलं की आधी वास बाहेर यायचा, मग ती. पाहुणा खुर्चीतून उठला की ती खुर्ची पुसायची, आणि तीही इतक्या तातडीने की जिना उतरणाऱ्या पाहुण्याला फडक्याचा फटकारा ऐकू जायचा. दुसऱ्याचा फोन हातात घ्यायची वेळ आली तर मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरायची. नवरा पसंत केला तोसुद्धा त्याची नखं बघून, असं तिची सख्खी धाकटी बहीणच सांगत सुटली होती. बहिणी असतात कशाला म्हणा!

अशा बाईच्या घरी सासरे राहायला आले.

थोरल्या सुनेने आधीच हात टेकले होते. म्हातारा तसा लाख माणूस, पण त्याचं खाणं पोटात कमी आणि अंगावर जास्त जायचं. चहात बुडवलेला टोस्ट तोंडापर्यंत पोचेतो अर्धा वाटेत गळायचा. जो पोचायचा त्याचा लगदा कवळीत अडकायचा, मग कवळी बाहेर काढून, बोटाने निपटून, ती हाताशी येईल तिथे ठेवली जायची. एकदा फिनेलला ती माउसच्या शेजारी दिसली. दोन्ही सारख्याच आकाराची. तिने त्या दिवशी जेवण टाकलं.

कारण कंप्युटर हा तिचा प्राण होता. एका छापखान्यासाठी ती घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची पानं लावून द्यायची. मजकूर, चित्रं, तक्ते, सगळं जागच्या जागी. आणि सासऱ्यांनी आल्या आल्या त्याच कंप्युटरवर डोळा ठेवला. परगावी त्यांचा ऑफिसातला जुना सोबती होता, त्याला ते प्रेमाने ‘गाढव’ म्हणत. त्या गाढवाशी रोज सकाळी बुद्धिबळाचा डाव व्हायचा. फोनवर त्यांचे डोळे पोचत नव्हते. म्हणजे फिनेलच्या खुर्चीत, फिनेलच्या कीबोर्डवर, चोखलेली बोटं!

तिने शिवणयंत्र काढलं. जुन्या रजईचं जाडजूड कापड घेतलं आणि कंप्युटरच्या टेबलाखालच्या डब्याला अंगभर बसेल असं कव्हर शिवलं. पुढे बटणापुरती खिडकी, खाली इलॅस्टिक. मागच्या वायरी तिला आतड्यांसारख्या वाटायच्या, बघवायच्या नाहीत. म्हणून मागे टेबलालाच दुहेरी कापडाचा वेगळा पडदा ठोकून वायरींचं तोंडच बांधून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि त्याच आठवड्यात कंप्युटर बंद पडायला लागला.

चालता चालता एकदम काळाकुट्ट. ना सूचना, ना आवाज. कधी निळा पडदा यायचा, त्यावर इंग्रजीत चार शिव्या, की गेला. लावलेली पानं मातीत. पुन्हा चालू केला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा, पुन्हा डोळे पांढरे.

“सासरे आले आणि हे सुरू झालं,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता तुम्हीच काय ते समजा.”

“अगं, मशीन आहे. बिघडतं कधी कधी.”

“मशीन बिघडत नाही. बिघडवतात.”

तिने टेबलावर पांढरा कागद पसरला, कीबोर्ड उलटा केला आणि पाठीवर थापटी मारली. टोस्टचा भुगा पडला. भुवईचे पांढरे केस पडले. नखाची एक पिवळी चंद्रकोर पडली. आणखी एक वाळलेलं, तपकिरी, चिवट असं काहीतरी पडलं, ज्याला नाव द्यायचं धाडस दोघांनाही झालं नाही. नवऱ्याने मान फिरवली. पंचनामा संपला.

तरी त्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलंच. या गृहस्थाला सगळे ‘रिस्टार्ट’ म्हणायचे, कारण त्याच्या पोतडीत तेवढं एकच औषध होतं.

“वहिनी, बंद करून चालू केलात का?”

“तो स्वतःच बंद होतोय. मी आणखी काय बंद करू?”

रिस्टार्टने मेमरी बदलली. पंखा बदलला. विंडोज पुसून नवीन टाकली. शेवटी डबा उचलून दुकानात न्यायला निघाला. “हे झबलं राहू दे इथेच,” असं म्हणून त्याने कव्हर ओढून काढलं आणि जमिनीवर टाकलं. जमिनीवर! फिनेलने ते लगेच धुवायला टाकलं.

दुकानात डबा दिवसरात्र चालला, एकदाही कुरकुरला नाही. रिस्टार्ट परत आला. “वहिनी, आतून आरशासारखा आहे. दोष मशीनमध्ये नाही. तुमच्या घरातच काहीतरी आहे.”

घरातलं ते ‘काहीतरी’ त्या वेळी दिवाणावर बसून कान कोरत होतं, आणि कोरलेलं निरखून बघत होतं.

धुतलेलं कव्हर वाळलं, डब्यावर चढलं, आणि संध्याकाळीच कंप्युटर पुन्हा गार झाला. गार कसला म्हणा! पण ते पुढे.

छापखान्याच्या मालकाने फोनवर स्पष्ट सांगितलं, की पुढची पानं वेळेवर आली नाहीत तर काम दुसरीकडे देईन. फिनेलने फोन ठेवला, पुसला, आणि निकाल दिला. “एक तर मी इथे काम करीन, नाहीतर बाबा इथे राहतील. मोठ्या भावोजींना कळवा, रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं.”

नवरा बापाशी बोलायला गेला. म्हातारा एवढंच म्हणाला, “तिकडे कंप्युटर नाही रे. आणि थोरली बोलत नाही माझ्याशी. बाल्कनीत बसून कावळे मोजायचे का मी?” नवऱ्याने नेहमीप्रमाणे छताकडे बघितलं. त्या छतावर त्याला आजवर एकही उत्तर सापडलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी बॅग दाराशी येऊन बसली. सासरे म्हणाले, “सूनबाई, तेवढा गाढवाशी शेवटचा डाव खेळून घेतो. अर्धवट राहिलाय.”

नाही कसं म्हणणार? पण ती फडकं घेऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिली, पोलिसासारखी. चोराला रंगेहाथ पकडायची ही अखेरची संधी.

सासऱ्यांनी पहिलं काम काय केलं, तर वाकून कव्हर ओढलं आणि खुर्चीखाली भिरकावलं. 

“हे असं रोज काढता तुम्ही?”

“मग! पायाला गरम लागतं. भट्टीशेजारी बसल्यासारखं वाटतं. उठताना पुन्हा चढवून ठेवतो की.”

डाव सुरू झाला. म्हातारा टोस्ट खात होता. भुगा कीबोर्डवर, चहाचा थेंब माउसवर, बोटं तोंडात, तोंडातून पुन्हा माउसवर. ती प्रत्येक घासाला मनातल्या मनात तीन वेळा हात धूत होती. आता पडेल, आता काळा होईल. डाव लांबला. घोडे मेले, उंट मेले, गाढव काही हरेना. कंप्युटर मात्र ठणठणीत.

“बाबा, तुम्ही बसता तेव्हा कधी बंद पडतो का हो?”

“कधीच नाही.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“विचारलंस कुठे? तू सगळं बोलतेस ते फडक्याशी.”

डाव बरोबरीत सुटला. सासरे उठले. तिने खुर्ची पुसली, कीबोर्ड पुसला, कव्हर झटकून डब्यावर घट्ट चढवलं आणि कामाला बसली. तिसरं पान लावून होतंय न होतंय तोच पडदा काळा.

ती टेबलाखाली वाकली. कव्हरवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तवा! या वेळी वाटली ती किळस नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना न्यायाधीशाला वेळेवर जाग आली, तर त्याला जे वाटेल ते होतं. तिने गुडघ्यावर बसून मागचा पडदा, तो दुहेरी, वायरी झाकणारा, टेबलाला ठोकलेला म्हणून कधीच धुण्यात न गेलेला, वर उचलला.

मग मात्र किळसच होती.

झुरळं. दुहेरी कापडाच्या उबदार खोबणीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेलं अख्खं गाव. तेलकट, तपकिरी, मिशा हलवणारी. अंड्यांच्या कुप्या शिवणीला चिकटलेल्या, टोस्टचा भुगा घरपोच मिळाल्यामुळे गुबगुबीत झालेली पोरं. उजेड पडताच सगळं गाव एकदम निघालं, त्यातली चार तिच्या हातावरून कोपरापर्यंत पोचली, एक बाहीत शिरलं. फिनेलने अशी किंकाळी फोडली की दाराशी ठेवलेली बॅगसुद्धा आडवी झाली, असं सांगतात.

सासरे चपला घालूनच आत आले. एरवी त्या चपलांवरून रामायण झालं असतं. त्यांनी बघितलं, कव्हरकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

“आधी दार लाव. समोरची शेजारीण कान लावून बसली असेल.”

ती दार लावून आली. म्हाताऱ्याने एक चप्पल तिच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली. मग दोघांनी मिळून जे केलं त्याचं वर्णन जेवायच्या आधी वाचू नये. फरशीवर जे सांडलं ते पिवळट होतं, चिकट होतं, आणि तिने ते उघड्या हाताने पुसलं, कारण फडकं केव्हाच मेलं होतं.

“पंख्याचं तोंडच बांधलं होतंस की,” सासरे धापा टाकत म्हणाले. “श्वास कुठून घेणार तो डबा?”

“तुमच्या भुग्यावर पोसली ही सगळी.”

“आणि तुझ्या रजईत वाढली.”

तेवढ्यात बेल वाजली. थोरले दीर न्यायला आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. फिनेल दाराशी गेली, केस विस्कटलेले, एका हातात सासऱ्यांची चप्पल.

“बाबा येणार नाहीत, भावोजी.”

“का? तुम्हीच तर निरोप दिलात!”

“त्यांच्याशिवाय आमचा कंप्युटर चालत नाही.”

आणि यात खोटं एक अक्षरही नव्हतं.

पानं वेळेवर गेली. छापखाना टिकला. आता ही गोष्ट दाराबाहेर फुटली कशी, असं विचाराल, तर समोरचीचा काही दोष नाही. दार लाव म्हणणाऱ्या म्हाताऱ्यानेच दुसऱ्या दिवशी खाली बाकावर बसून ती सांगितली, आणि झुरळांचा आकार दर खेपेला वाढवत नेला. परवाच्या खेपेला ती उंदराएवढी झाली होती. फिनेलच्या कानावर ते गेलं, तेव्हा ती म्हणाली, “तोंडात टोस्ट होता का बोलताना? मग बाकही पुसायला हवा.”

कंप्युटर आता उघडाबोडका असतो, आतड्यांसकट. ती त्या बाजूला बघत नाही. पडदा कचऱ्यात गेला, आणि कव्हर उकळत्या पाण्यातून काढून, दोन तुकडे करून, दाराशी पायपुसणं म्हणून टाकलं आहे. सासरे रोज येताना त्याला वळसा घालून, तळव्यांवरच्या सगळ्या मातीसकट, थेट कंप्युटरशी जाऊन बसतात.