दिघीची बोट किती वाजता?

वर्दी उतरली, तरी मुरुडची ती चाची काही मनातून उतरत नाही.

एका दुपारी ती माझ्या ठाण्यात आली, हातात मासळीची पिशवी तशीच. म्हातारा नवरा सकाळपासून गायब, फोन घरीच पडलेला. ठाणे अंमलदार मिसिंगची नोंद करतोय, तेवढ्यात शेजाऱ्याने माझ्या कानावर घातलं, "साहेब, सकाळी दोघांचं जोरदार भांडण झालंय." अशी खबर आली, की आम्ही आधी बायकोलाच धरतो. मी दरडावून विचारलं, "चाची, काय लपवताय?"

चाची भडकलीच. "लपवायचं काय? बघावं तेव्हा फोनात डोकं. माझ्याशी धड बोलत न्हाय. मी बोलले, चालले दिघीला बहिणीकडं! आणि गेले बाजारात मासळीला."

चाचांचा फोन घरून आणवून बघितला. सर्चमध्ये रोज तेच. आधी वर्तमानपत्राचं नाव, मग 'आगरदांडा दिघी बोट वेळ'. आमची महिला शिपाई म्हणाली, "त्यात काय, साहेब? रोजची वेबसाइटसुद्धा मी नाव शोधूनच उघडते." मीही तेच करतो की! पण इथे एकाच सकाळी बोटीचा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला होता.

"चाचा काय काम करायचे?"

"आगरदांड्याला बोटीची तिकिटं द्यायचे. जन्म गेला त्यात."

जन्मभर लोकांना बोटीच्या वेळा सांगणारा माणूस त्याच वेळा फोनला विचारत होता. वाचायचा, विसरायचा, परत शोधायचा. सगळेच असं शोधतात, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही. हे सांगितलं तशी चाचीने मासळीची पिशवी खाली ठेवली.

मी दिघीच्या जेट्टीवर फोन लावला. चाचा तिथेच होते. चाचीला घेऊन मी बोटीने खाडीपलीकडे गेलो.

तिला बघून चाचा उठले. "तुला न्यायला आलो गं. तुझ्या बहिणीचं घर काही आठवेना."

चाचीच्या डोळ्यांना धार लागली. "मला सांगितलं का न्हाय? फोनला काय विचारता? मी मेले काय? मला विचारा!"

नोकरीभर मी लोकांना प्रश्न विचारत आलो. माणूस कुठला प्रश्न घरच्यांना विचारायला लाजतो, तेही बघावं, हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या बोटीत बसल्यावर चाचांनी विचारलं, "बोट किती वाजता सुटते गं?" चाचीने सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिने परत सांगितलं.