कुत्र्याविना पहिली शिकार

माझी नणंद मातेरोआ हिला कुणी विचारलं, की बाई, आजवर किती रानडुकरं मारलीस, तर ती म्हणते, "मी कुठं मारली? कुत्र्यांनी धरली. मी नुसती सुरी लावली."

आमच्या खोऱ्यात डुकराची शिकार अशीच चालत आली आहे. कुत्री वास काढत पुढे जातात, डुक्कर गाठतात, कानाला धरून जागच्या जागी खिळवतात. माणूस मागून धापा टाकत पोचतो, मागचा पाय ओढून त्याला आडवं करतो आणि पुढच्या पायामागे सुरी घालतो. बंदूक नको, कारण गोळीला कुत्रं कुठलं नि डुक्कर कुठलं हे कळत नाही. मातेरोआचा नवरा तरुणपणीच गेला. तेव्हापासून त्याचा काळा लोकरी अंगरखा अंगात, त्याचीच सुरी कमरेला, असं तिनं रान तुडवलं आणि पाओराला, तिच्या एकुलत्या एका मुलाला, रानडुकराच्या मटणावर वाढवलं. आता सत्तरी उलटली तरी चालताना ती पुढे आणि आम्ही मागे.

आम्ही रिंगातू पंथाची माणसं. दर महिन्याच्या बारा तारखेला आमची प्रार्थनासभा असते. ती आमच्या गावच्या मराएवर, म्हणजे सभाघरात, भरायची असली की खोऱ्याखोऱ्यातून माणसं येतात, मुक्कामाला राहतात. जमिनीतल्या भट्टीत तापल्या दगडांवर बटाटे, रताळी, भोपळा रचला जातो आणि सगळ्यांच्या वर मातेरोआचं डुक्कर. हे कधी चुकलेलं नाही. लोक ताटाकडे न बघता सांगतात, आज मातेरोआच्या घरचं आहे.

या हिवाळ्यात बॉस गेला. तिचा शेवटचा कुत्रा, म्हातारा होऊन चुलीपाशी झोपेतच गेला. नवं कुत्रं तयार करायला वर्षं लागतात, आणि त्याच्यामागे धावायला गुडघे लागतात. आमची बारा तारीख तोंडावर आली तेव्हा आम्ही तिघं जेवत असताना पाओरा सहज बोलून गेला, "आई, या खेपेला मटण दुकानातून आणू. तू आता बायकांबरोबर बटाटे सोलायला बस. पुष्कळ झालं."

मातेरोआ ताट अर्धं टाकून उठली. या बारा तारखेला डुक्कर आलं नाही तर ती पुन्हा डोंगर चढणार नाही, हे तिला कळलं आणि तिच्या पाठीकडे बघून मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कणीक तिंबत होते, तेवढ्यात ती दारात उभी.

"हेनी, तुझ्याकडे ते लायसन आहे ना?"

माझ्याकडे बंदुकीचं लायसन आहे ते पॉसमांपायी, म्हणजे रात्री झाडांवर चढणाऱ्या मांजराएवढ्या जनावरांपायी. मेले माझी लिंबं आणि पीच कच्चीच कुरतडतात, म्हणून मी लहान बंदूक बाळगते. मातेरोआ मला इतकी वर्षं "पॉसममारी" म्हणून चिडवत आली. पण कायदा असा आहे, की लायसन नसलेल्या माणसाला बंदूक चालवायची तर लायसनवालं माणूस अगदी शेजारी हवं. म्हणजे तिला मी हवी होते. मी, जिनं डुक्कर पाहिलं ते फक्त भट्टीवर.

"पाओराला घेऊन जा की, ताई. त्याच्याकडे लायसनही आहे आणि अनुभवही."

"तो बरोबर असला की मी त्याची आई होते. पाय जपून टाक, बस जरा, पाणी पी. मला आईपण नकोय डोंगरावर. चल, हात धू."

पाओरा हरणांची शिकार करतो. त्याच्या लोखंडी कपाटात बंदुका ओळीनं उभ्या असतात. आम्ही दोघी तिथं गेलो तेव्हा तो आधी हसला, मग आईचं तोंड बघून हसायचा थांबला. त्यानं अभिमानानं आपली लांब रायफल काढली. दुर्बीण लावलेली. म्हणाला, या डोंगरावरून त्या डोंगरावरचं हरीण टिपता येतं हिनं. मातेरोआनं ती खांद्याला लावून अंगणातल्या कोंबडीकडे रोखली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"पिसं. नुसती पिसं. कोंबडी कुठाय?"

तिचं म्हणणं खरं होतं. डुक्कर नेच्यांच्या गर्दीत असतं, स्वयंपाकघरापासून न्हाणीइतक्या अंतरावर. तिथं दुर्बिणीतून केसांचा पुंजका दिसेल आणि तो डुकराच्या कुठल्या टोकाचा हे शोधेपर्यंत डुक्कर निघून जाईल. मग मी माझ्या लहान बंदुकीचं सुचवलं. त्यावर मायलेक एकदम बोलले, नको. बोड्याच्या, म्हणजे मोठ्या नर डुकराच्या, खांद्यावर कातडीखाली टायरासारखी जाड ढाल असते. एवढीशी गोळी तिथं अडकायची आणि त्याला फक्त राग यायचा. छऱ्यांच्या दुनळीत एकच मोठी गोळी घालून मारता येतं, तेही पाओरानं दाखवलं. तिनं ती उचलली आणि लगेच ठेवली. मेंढरू अंगावर पडून तिचा खांदा एकदा निखळला होता, तो दुनळीचा दणका सोसणार नव्हता.

कपाटाच्या कोपऱ्यात एक आखूड जुनी रायफल होती. थर्टी-थर्टी म्हणतात तिला. चापाखाली एक कडी असते, ती खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत जातं. दुर्बीण नाही. नळीच्या टोकाला एक दाणा, मागे एक खाच. पाओराच्या बापाची होती.

"ती सिनेमातली आहे, आई. घोड्यावर बसून मारायची."

मातेरोआनं ती एका हातात धरली, कमरेशी आणली, वळली, झपकन खांद्याला लावली. झाडीत वळताना नळी कुठं अडकणार नाही एवढी आखूड होती. वजन बॉस पिल्लू असताना होता तेवढंच असेल. तिचा चेहरा असा उजळला की पाओरानं काडतुसांचा डबा खाली काढला. काडतुसं तो माझ्या हातात मोजून देत होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: गोळी सुटली की जागचं हलायचं नाही. तिथंच उभं राहून आधी कडी ओढायची, दुसरी गोळी तयार ठेवायची, मग बघायचं. मातेरोआ हो हो म्हणत होती.

मातीच्या उंच बांधापुढे आम्ही जुनं पिंप ठेवलं. पहिला बार काढताना तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, ताई, डोळे उघडे ठेवून मारतात. ती म्हणाली, तुझे पॉसम झोपेत मरतात वाटतं. पण संध्याकाळपर्यंत पिंपाची चाळण झाली. डुकराला कुठं मारायचं हे तिला शिकवावंच लागलं नाही. पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे, जरा खाली. सुरी जिथून जाते तिथूनच गोळी.

सभेच्या दोन दिवस आधी उजाडताना आम्ही निघालो. मी घाबरलेली होते, म्हणून चढताना स्तोत्र म्हणत होते. मातेरोआ थांबली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मनात म्हण. देवाला मनातलंही ऐकू येतं. डुकराला मोठ्यानं म्हटलेलं ऐकू येतं."

कुत्र्याविना ती आज पहिल्यांदाच रानात आली होती. आधी भुंकण्याच्या मागे पळायचं, बस. आज ती थांबत होती, वाकत होती, ओली माती चिमटीत घेऊन हुंगत होती. नेच्यांच्या मुळाशी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली होती आणि उकरलेल्या खड्ड्यात अजून पाणी साचलं नव्हतं, म्हणजे डुक्कर जवळच होतं. तिनं गालावर वारा घेतला, आमचा वास पुढे जाऊ नये म्हणून मला हातानं डावीकडे वळवलं.

मग आवाज आला. मचमच, कुरकुर, मुळं तुटल्याचा कटकट आवाज. आणि नेच्यांच्या फटीतून तो दिसला. काळा, खांद्याशी रुंद, सुळ्यांवर चिखल. शेपटी हलवत निवांत खात होता.

मातेरोआनं रायफल उचलली आणि नुसती बघत राहिली. तिनं आयुष्यभर डुक्कर पाहिलं ते कुत्र्यांच्या जबड्यात, किंचाळताना. असं जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

"केवढा निवांत आहे गं," ती पुटपुटली.

मला वाटलं, संपलं, आता ही मारत नाही. तेवढ्यात बार झाला. सगळं रान दणाणलं. डुक्कर होतं तिथंच कोसळलं. मी हातातलं ओझं सुटल्यासारखी "आमेन" म्हणाले, आणि बघते तर मातेरोआनं रायफल झाडाला टेकवून ठेवलेली आणि सुरी उपसून ती धावत सुटलेली. गुडघे, वय, पाओराचं सांगणं, सगळं मागे राहिलं.

"धर बॉस! धर, सोडू नको!"

बॉस कुठला? डुकराला कुणीच धरलेलं नव्हतं. आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर असताना ते उठलं.

मागचे पाय लटपटत होते, पण पुढचं सगळं धड होतं. ते फुरफुरत वळलं. मातेरोआ एका बुंध्याआड गेली, ते तिच्या मागे. ती गोल फिरली, तेही गोल फिरलं. मी रायफल उचलली. कडी ओढलेली नव्हती, म्हणजे एवढ्या निवडून आणलेल्या बंदुकीची नुसती काठी झालेली. मी कडी ओढली, नेम धरला, पण जिथं डुक्कर तिथंच काळा अंगरखा. पुन्हा नेम, पुन्हा अंगरखा. मी घोडा हळूच उतरवला आणि रायफल मागे शेवाळावर ठेवून दिली.

"पाय!" मातेरोआ ओरडली. "हेनी, मागचा पाय धर! ओढ!"

मी धरला. कसा धरला ते देवाला ठाऊक. तारेसारखे केस, खाली नुसतं हाड आणि जोर. त्यानं मला चिखलातून फरपटत नेलं, माझ्या तोंडात माती गेली, एक बूट निघाला. पण मी सोडला नाही. ओढ, ओढ, असं ऐकू येत होतं. मी अंगातलं होतं नव्हतं ते लावून मागे पडले, डुक्कर कुशीवर आलं आणि त्याच्या वरून काळा अंगरखा झेपावला. एक लांब फुरफुर झाली. मग पाय माझ्या हातात मऊ पडला.

आम्ही दोघी तिथंच चिखलात बसलो. आधी हसू आलं की रडू ते आठवत नाही.

"बॉस एवढा आरडाओरडा करत नसे," ती म्हणाली.

"मी स्तोत्र म्हणत होते."

"अर्धं स्तोत्र होतं. बाकीचं मी सभेत सांगणार नाही."

मग तिनं डुकराच्या पाठीवरचे केस बाजूला करून गोळीची जागा शोधली. कण्याच्या जरा वर. तिथं लागलं की डुक्कर घटकाभर बधिर होऊन पडतं आणि पुन्हा उठतं. ती त्या भोकावर बोट ठेवून बसून राहिली. तिचं हसू मावळलं.

"मी बंदूक टाकून पळाले, हेनी."

"हो, ताई."

"पाओराला कळलं तर तो कपाटाची किल्ली विहिरीत टाकेल."

खोटं मला बोलता आलं नसतं, आणि खरं सांगायचा अधिकार तिचा होता. आम्ही डुक्कर साफ केलं, दोन भाग केले, पुढचा तिनं पाठीवर घेतला, मागचा मी. खाली फाटकाशी पाओरा गाडी घेऊन थांबलाच होता. आईच्या पाठीवरचं ओझं बघून त्याला इतका आनंद झाला की तो घ्यायला पुढे धावला. तिनं दिलं नाही. उभी राहिली आणि ओझं तसंच पाठीवर ठेवून सगळं सांगून टाकलं: गोळी वर गेली, मी पळाले, बॉसला हाका मारल्या, हेनीनं पाय धरला.

पाओराचा रंग उडाला. त्यानं आधी आईकडे, मग माझ्या एकाच पायातल्या बुटाकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडून रायफल घेतली, काडतुसं काढली आणि गाडीत ठेवून कुलूप लावलं.

बारा तारखेला भट्टी उघडली तेव्हा वाफेबरोबर वास आला आणि रांगेत कुणीतरी नेहमीसारखं बोललं, मातेरोआच्या घरचं. पण ती मान खाली घालून वाढत होती. प्रार्थना झाल्या, जेवणं झाली. शेवटी पुढच्या खेपेची कामं वाटायला म्हातारे बसले. पीठ कुणाचं, लाकडं कुणाची. मग विचारलं, मटण?

पाओरा दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मातेरोआनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडून माझाही हात वर ओढला. मी पेंगत होते, दचकून जागी झाले.

"आणि गोळी मारल्यावर पळायचं नाही, हे कोण बघणार?" दारातून पाओराचा आवाज आला.

"हेनी मला कमरेला धरून ठेवेल," ती म्हणाली. "तिची पकड बघितलीस ना तू. डुकराला विचार."

सगळं सभाघर हसलं. पाओरा हसायचं नाही म्हणून छताकडे बघत होता, पण खांदे हलत होते. मग तो म्हणाला, "पिंप फुटलंय. नवं आणतो. रोज सराव करायचा."

माझा हात अजून वरच होता. तिनं सोडलाच नव्हता.