इथून घर दिसलं तर

इथं आखातात आमच्या विलाच्या गच्चीवर अँटेना आहे, ही गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगत नाही. एकदा सांगितली तेव्हा सगळे हसले. टीव्ही नेटवर येतो, मोबाइलवर येतो, मग हा माणूस मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून पाइप वेल्ड करून आणतो कशाला? हसोत बापडे. हवा दमट आणि वारा पडलेला असला की समुद्रापलीकडची स्टेशनं आपोआप येतात, कधी कतारची, कधी इराणच्या किनाऱ्यावरची. एरवी त्यांचा मागमूस नसतो. न बोलावता आलेल्या या पाहुण्यांचं मला अजून अप्रूप आहे, आणि हे वेड घरूनच लागलेलं आहे.

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात पावसाआधीच्या उकाड्यात टीव्हीवर दुबई लागायची. भरपूर मुंग्या, आणि मुंग्यांच्या आत अरबीत बोलणारा कुणीतरी. अब्बा तेव्हा दुबईतच, रास अल खोरला गोदामात कामाला होते. एका सुट्टीत त्यांनी सांगून टाकलं, "तुम्हाला दुबई दिसते ना, तसं मला तिकडून घर दिसतं. हवा लागते फक्त." झालं. त्यानंतर दुबई लागली की अम्मा आमची तोंडं धुवायची, तेल लावून भांग पाडायची, स्वतः अबोलीचा गजरा माळायची आणि आम्हाला टीव्हीसमोर रांगेत बसवायची. अब्बा नसताना धाकटी बहीण झाली, तेव्हा अम्माने तिला दोन्ही हातांनी उचलून पडद्यासमोर धरलं होतं. पुढच्या सुट्टीत आल्या आल्या अब्बा म्हणाले, "दिसली मला. नाक माझ्यावर गेलंय."

अब्बा गेल्यापासून अम्मा गावी एकटी असते. बहीण सासरी, मी इथं मोहम्मद बिन झायद सिटीत. यंदा तिला व्हिजिट व्हिसावर आणलं ते तिला परत पाठवायचंच नाही असं मनाशी धरून. मी रोज विषय काढायचो, ती रोज "बघू" म्हणायची. एका संध्याकाळी मी गच्चीवर चहा घेऊन गेलो, तर ती अँटेनाकडे बघत उभी होती.

"ह्याच्यातून आपलं घर दिसतं?"

मी तिच्या हातात चहा दिला.

"दिसलं तर राहीन मी."

माझी मुलगी म्हणाली, "दादी, टीव्ही डझन्ट वर्क लाइक दॅट." मी तिला डोळ्यांनी दटावलं. म्हाताऱ्या आईला कसं सांगायचं की तुझा नवरा थापा मारत होता? आणि सांगितलं की ती जाणार. मी आपला रोज "आज हवा नाही, इन्शाल्ला उद्या" करत राहिलो.

मग एका सकाळी फजरच्या नमाजानंतर गच्चीवर पाऊल ठेवलं आणि चष्म्यावर धुकं आलं. हीच हवा. खाली येऊन टीव्हीवर स्टेशनांचा स्कॅन लावला आणि अम्माला नि मुलीला बोलावलं. एक अनोळखी स्टेशन लागलं. पडद्यावर जेटी, होड्या, जाळी झटकणारे लोक. हुबेहूब आमचा किनारा. मी पटकन आवाज बंद केला.

अम्मा सरसावून बसली. "आपली जेटी?"

एक "हो" म्हटलं असतं तर ती राहिली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तिने डोक्यावरचा पदर नीट केला, मुलीला जवळ ओढलं आणि तिचे केस हाताने सारखे केले. ते बघून माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"नाही, अम्मा. इराण आहे. घर इथून दिसत नाही, स्टेशनं तेवढी दिसतात. अब्बांनाही दिसलं नसणार."

चित्राचे चौकोन झाले, ते गोठलं आणि पडदा काळा झाला.

"मुंग्या नाहीत आल्या," ती म्हणाली.

"आता नसतात. चित्र येतं ते स्वच्छ येतं, नाहीतर येतच नाही."

ती काळ्या पडद्याकडे बघतच म्हणाली, "अब्बांचं मला केव्हाच कळलं होतं. तुझ्या बहिणीचं नाक कुठे त्यांच्यावर गेलंय? माझ्यावर गेलंय."

"मग तो गजरा? आम्हाला रांगेत बसवणं?"

"दिसत नव्हतं, म्हणून तर दिसतं म्हणायचे. आपण समोर बसतो एवढं तरी त्यांना ठाऊक असायचं. तेवढ्यावर काढली त्यांनी इथं एवढी वर्षं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मी इथं राहिले तर मलाही तुझ्या बहिणीला फोनवर सांगावं लागेल, घर दिसतं म्हणून. मला नाही रे जमायचं. तिकीट काढ."

मला रडू आलं, पण मी तिकीट काढलं.

आता हवा जमली आणि पलीकडची स्टेशनं लागली की मी तिला फोन करतो. ती हसत विचारते, "मग, दिसतंय का घर?"

"दिसतंय," मी सांगतो. "थोड्या मुंग्या आहेत."