पाहुणा आला की मशीन बंद

पाहुण्यावर जीव ओवाळून टाकणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, पण पाहुणा आला म्हणून स्वतःचा श्वास बंद ठेवणारा माणूस अख्ख्या संगमनेर तालुक्यात एकच, आमच्या शेजारचे तात्या. तात्यांनी उभा जन्म पिठाची गिरणी चालवली. त्या पिठानं मिशा तर पांढऱ्या केल्याच, छातीही निकामी केली. आता नाकात नळी असते आणि खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन दिवसभर घरघरत असतं. ते उगाच बंद करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

पण तात्यांचं शास्त्र डॉक्टरांच्या आधीचं. गिरणीवर कोणी चार शब्द बोलायला आलं की ते चालू गिरणी थांबवायचे. डबे घेऊन रांगेत उभ्या बायका बोटं मोडायच्या, तात्यांचं उत्तर ठरलेलं, "मानूस बोलतंय आन आपलं जातं घरघरतंय, ही काय रीत झाली?" तीच रीत मशीनला लागू झाली. पोस्टमन आला, मशीन बंद. गॅसवाला आला, मशीन बंद. मतदार यादीचं विचारायला आलेल्या बाईंसाठी तर मशीन बंद करून त्यांनी चहा ठेवला, आणि चहाला उकळी यायच्या आत तात्यांचे ओठ निळे पडले. बाई यादी तिथंच टाकून पळाल्या. हे गल्लीभर झालं आणि लोक तात्यांच्या दाराशी येईनासे झाले. आपल्या पायी म्हातारा जायचा, ही भीती. बायको गेल्यापासून ज्याला दोन शब्दांची भूक होती, त्याच्या पाहुणचारानंच त्याचं घर रिकामं केलं.

मी मात्र रोज संध्याकाळी जातो. आणि कबूल करतो, मला राग यायचा. माझ्यासाठी त्यांनी एकदाही मशीन बंद केलं नाही. नोकरीभर वर्गात ओरडलो, आता निवृत्तीत मशीनच्या घरघरीच्या वर आवाज चढवून ओरडतो.

गणपतीत पुण्याहून त्यांचा मुलगा दोन दिवस आला. दोन्ही दिवस मशीन जवळजवळ बंदच. मुलगा आंघोळीला गेला की तात्या घाईघाईनं नळी लावायचे, कडी वाजली की काढायचे. निघताना मुलगा मला म्हणाला, "सर, तात्या एकदम ठणठणीत आहेत. मशीन लागतच नाही त्यांना. दिवाळीत मला जमणार नाही, पण आता काळजी नाही." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. गाडी वळली आणि तात्या खाटेवर कोसळले. बटण मी दाबलं, नळी मी लावली. बऱ्याच वेळानं त्यांना शब्द फुटला.

"दोन दिस आल्तं पोरगं. ह्या घरघरीत त्याचा आवाज कुटं आला आस्ता?"

"मग माझ्यासाठी कधी बंद करत नाही ते?"

"तुमी काय पाव्हनं हाय व्हय, मास्तर?"

मला त्यांचा राग आला, कीव आली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

काल मी त्यांच्या खाटेशी बसूनच मुलाला फोन लावला. तात्यांना नीट ऐकू येत नाही; मी माझ्या सुनेशी बोलतोय असं त्यांना वाटलं. मुलगा म्हणाला, "सर, मागे घरघर कसली? तात्यांनी गिरणी पुन्हा सुरू केली की काय?"

"मशीन आहे," मी म्हणालो. "दिवसभर चालू असतं. तू आलास की तेवढं बंद असतं."

तो म्हणाला, "रविवारी येतो."

रविवारी तो दारात दिसला की तात्यांचा हात बटणाकडे जाणारच. तो हात त्यानं धरावा, एवढंच मला वाटतं. मी त्या दिवशी मुद्दाम जाणार नाही. माझ्या ओट्यावर बसून राहीन, आणि भिंतीपलीकडून घरघर ऐकू येते का, तेवढं ऐकेन.