तीन नोंदी
सुक्या बोंबलांचा वास आला की थळच्या किनाऱ्यावरची ती दुपार आठवते आणि मान खाली जाते. मच्छीमारांसाठी मी एक अ‍ॅप केलं होतं. समुद्रात बोट अडली की बटण दाबायचं, घरी निरोप जायचा. एका म्हाताऱ्या नाखव्याची बोट इंजिन बंद पडून दिवसभर भरकटली, पण निरोप पोचलाच नाही. मी त्यांचा फोन लॅपटॉपला जोडला, तर बटण दाबल्याची प्रत्येक वेळ टिपणाऱ्या अ‍ॅपच्या लॉगमध्ये एकही नोंद दिसेना. "पोरी, मी तीनदा दाबला व्हता," ते म्हणाले. "काका, दाबलं असतं तर इथे दिसलं असतं," मी जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांची बायको चिडली, "तुमाला फोन जमतच न्हाय!" ते जाळं आवरायला वळले. घरी नेऊन फोन पुन्हा तपासला तेव्हा कळलं, फक्त दुसऱ्याच अ‍ॅपच्या नोंदी दाखवणारा फिल्टर माझ्याकडून लॅपटॉपवर तसाच राहिला होता. तो काढताच तीन नोंदी दिसल्या, आणि प्रत्येकीखाली निरोप अडवणारी माझ्याच कोडमधली चूक. सकाळी दुरुस्ती करून फोन परत दिला. "माझाच चुकला व्हता ना?" त्यांनी विचारलं. "आता चालेल, काका," एवढंच मी म्हणाले. आज ऑफिसात नव्याने येणाऱ्यांना मी आधी फिल्टर बघायला सांगते. का, ते मात्र सांगत नाही.